काकांच्या रायफलची पारख

बंदुकीची पारख मी एका दातांच्या डॉक्टरकडून शिकले, असं सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. ऐंशीच्या दशकात ॲरिझोनात, चँडलरला, मला पहिली नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी अक्कलदाढेनं छळ मांडला. ऑफिसातल्या एका बाईनं सुचवलेल्या डेंटिस्टकडे गेले, तर त्याच्या वेटिंग रूममध्ये इतरांकडे असते तशी माशांची काचपेटी नव्हती. भिंतीवर काचेआड एक रायफल होती. मधला धातूचा भाग सोनेरी, नळी अष्टकोनी, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आणि त्यात बसवलेलं रुपयाएवढं एक पदक. मी नागपूरची. बंदूक म्हणजे बँकेच्या दारातल्या चौकीदाराच्या खांद्याला लटकलेली, उडेल की नाही याची त्यालाही खात्री नसलेली, एवढीच मला माहीत. ही वस्तू बघून मी दाढेचं दुखणं विसरले. नर्सला दोनदा हाक मारावी लागली.

डेंटिस्ट साठीचा होता. मिशीला पीळ, स्वतःच्या ज्ञानाचा रास्त गर्व, आणि बोलायची अतोनात हौस. तोंडात कापूस कोंबलेला पेशंट त्याला फार आवडे, कारण तो मध्ये बोलत नाही. दाढ काढता काढता त्यानं मला सांगितलं की ही शिकारीची रायफल एका राज्याच्या शंभरीनिमित्त काढलेली आहे आणि तिच्यातून एकही गोळी सुटलेली नाही. मग खुर्चीचा दिवा वळवून त्यानं ती काचेतून काढली आणि उजेडात तिरकी धरली. ते बघून मी चमकले. चिपच्या कारखान्यात माझं काम तेच होतं. सिलिकॉनची चकती दिव्याखाली तिरकी धरायची आणि जे दिसू नये ते शोधायचं. सरळ बघणाऱ्याला काही दिसत नाही. हा माणूस आपल्या जातकुळीचा आहे, हे मला तिथंच कळलं.

पुढं तो आणि त्याची बायको मला दोन-तीनदा जत्रेच्या मैदानावर भरणाऱ्या बंदुकांच्या प्रदर्शनात घेऊन गेले. लांबच लांब टेबलं, त्यांवर हिरवी कापडं आणि कापडांवर हत्यारं. पहिल्यांदा गेले तेव्हा भीती वाटली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा मात्र मी कोरीवकाम बघत राहिले. बोटभर जागेत पळणारं हरीण, त्याच्या मानेवरचे केस, मागे डोंगर. हे सगळं पोलादात, हातानं. माणसाला मारायला लागणाऱ्या वस्तूवर माणूस इतका जीव का ओततो, याचं उत्तर मला तेव्हाही मिळालं नाही. पण मान झुकली, ती झुकलीच.

डेंटिस्टची पद्धत सरळ होती. एखाद्या राज्याची शंभरी, रेल्वेची आठवण, जुना कुणी शूर माणूस, असं काहीही निमित्त काढून कारखाने या रायफली काढायचे. संग्राहकासाठी तिथं तीनच प्रश्न असत. कारखान्यातल्या चाचणीनंतर तिच्यातून गोळी झाडली आहे का? कुणी तिला हात लावून काही बदललं आहे का? आणि तिच्याबरोबर आलेलं खोकं, कागद, कापडी पिशवी, सगळं आहे का? तो चापाजवळचे स्क्रू भिंगातून बघे. स्क्रूच्या खाचेची कड जरा जरी चेपलेली दिसली तरी कुणीतरी तो फिरवला आहे हे त्याला कळे. नळीच्या तोंडात तो दातांचाच छोटा आरसा घालायचा. मालकानं गोष्ट सांगायला सुरुवात केली की तो हात वर करायचा. "गोष्ट नंतर. गोष्ट ऐकली की डोळ्यांना तेच दिसायला लागतं."

काहीच घडलेलं नाही म्हणून मोलाची असलेली वस्तू! मला याचं हसू यायचं, पण आपण तरी काय वेगळे? माझ्या आईकडे काचेचे सहा पेले होते, चांगल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले. इतके चांगले पाहुणे आमच्याकडे कधी आलेच नाहीत.

आता काका-काकूंकडे येते. काका माझे सख्खे कुणी नव्हेत. चँडलरला तेव्हा कापसाच्या शेतांच्या मधेमधे कारखाने उगवत होते आणि आमच्यासारखी पोरं त्यांत येऊन पडत होती. अशा सगळ्या पोरांचे ते काका आणि काकू. काका सर्जन. साठच्या दशकात अमेरिकेत आलेले. मोठ्या शहरातल्या कुठल्याच हॉस्पिटलनं दारात उभं केलं नाही, तेव्हा पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका तांब्याच्या खाणीच्या गावात त्यांना जागा मिळाली. गाव एवढंसं, हॉस्पिटल त्याहून लहान. तिथं त्यांनी पंधरा-सोळा वर्षं काढली. मग खाण बंद पडली, गाव रिकामं व्हायला लागलं, हॉस्पिटलला कुलूप लागलं आणि काका-काकू चँडलरला येऊन राहिले.

त्या गावातल्या लोकांनी काकांना एक रायफल भेट दिली होती. एका हिवाळ्यात खाणीच्या बोगद्यात छत कोसळलं, वर बर्फानं रस्ता बंद, शहरातून मदत येणं अशक्य. काकांनी त्या वेळी काय केलं ते काका स्वतः कधी सांगत नसत, काकू सांगत. पुढच्या उन्हाळ्यात खाणकामगारांच्या युनियनच्या हॉलमध्ये सगळा गाव जमला आणि ही सोनेरी रायफल काकांच्या हातात देण्यात आली. काका म्हणजे घरात उंदीर निघाला तर खुर्चीवर चढून काकूंना हाक मारणारा माणूस. पण त्या रायफलला त्यांच्या घरात जी जागा होती ती देव्हाऱ्याच्या खालोखाल. काकूंच्या जुन्या इरकल साडीत गुंडाळून ती मूळ खोक्यात असायची, बरोबर डांबराच्या गोळ्या. दसऱ्याला ती बाहेर निघे. देवापुढे पाटावर तिला ठेवून काका एक फूल वाहत, नमस्कार करत आणि परत साडी, परत खोकं. आम्ही पोरं ते बघायला मुद्दाम जायचो.

एका दसऱ्याला काकूंकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा. तिथं सनीव्हेलहून बदलून आलेला एक इंजिनिअर होता, सर्व विषयांत पारंगत. पाटावरची रायफल बघून तो म्हणाला, "काका, यार, ह्या कमेमोरेटिव्ह रायफल्स ना, त्यांनी बाटलीच्या बुचांसारख्या काढल्या होत्या. कुठल्याही गहाणवटीच्या पॉनशॉपमध्ये बघा, एकतरी असतेच. युनियननं कुठंतरी सेलमध्ये घेतली असणार." तो वाईट माणूस नव्हता. तोंडाला झडप नव्हती, इतकंच. कुणीतरी विषय बदलला. काकांनी वाटीतलं श्रीखंड तसंच ठेवलं आणि ते आत जाऊन बसले.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "तुझा तो डेंटिस्ट," काका म्हणाले, "शनिवारी फ्री असेल का?"

शनिवारी मी गाडी चालवत होते, काका शेजारी, आणि काकू मागं रायफलचं खोकं मांडीवर आडवं घेऊन. वाटेत काका म्हणाले, "किंमत मला नकोय. कितीही सांगितली तरी मी काय विकणार आहे ती? मला एवढंच समजू दे, की त्यांनी ती मनापासून दिली होती, की डॉक्टरला काहीतरी द्यायला हवं म्हणून दिली होती."

"रायफल बघून ते कसं कळणार, काका?"

"तूच म्हणतेस ना, त्याला सगळं दिसतं म्हणून."

मागून काकू म्हणाल्या, "अगं, सोळा वर्षांत कुणी एकदा जेवायला बोलावलं नाही आम्हाला. हॅट काढायचे, दार धरायचे, सफरचंदं आणून ठेवायचे पायरीवर. पण ये, बस, असं म्हणून कुणी पोर्चवर खुर्ची पुढे केली नाही. यांना वाटतं, आपण त्यांचे होतो. मला वाटतं, आपण त्यांच्या कामाचे होतो. ही एक वस्तूच काय ती यांच्या बाजूनं बोलणारी." काका खिडकीतून कापसाची शेतं बघत राहिले. मला पहिल्यांदा वाटलं, या माणसाला आपण तिकडं उगाच नेतोय.

डेंटिस्टनं घरी जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून ठेवला होता. हात धुऊन त्यानं सुती हातमोजे चढवले. काका गोष्ट सांगायला लागले तसा त्याचा हात वर झाला. एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला गप्प करतोय हे बघून काकू गालात हसल्या. इरकल साडीची घडी उलगडली गेली आणि सोनेरी धातूवर दिव्याचा उजेड पडला. मी ती रायफल पाटावर अनेकदा पाहिली होती, पण दुरून, फुलासकट. आता ती दिव्याखाली होती आणि मी तिच्यावर वाकले होते. सोन्याच्या मुलाम्यावर बोटाचा ठसा नव्हता. नळीचा निळसर काळा रंग, आत बघितलं तर गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा पाण्यासारखा स्वच्छ पीळ. इतकी वर्षं न हललेली वस्तू बघताना आपला श्वास आपोआप हळू होतो.

"साडीत ठेवली होती?" डेंटिस्ट म्हणाला. "ओलसर प्रांतात असती तर गंजून गेली असती. ॲरिझोनानं वाचवली." मग तो बोलेनासा झाला, म्हणजे त्याचं काम खरंच सुरू झालं. आरसा, भिंग, मऊ ब्रश. अधूनमधून तो मला शेजारी बोलावून दाखवी, कारण त्याला प्रेक्षक लागे. गोळी कधी झाडलेली नाही. गोळी भरायला ओढतात ती चापाखालची कडीसुद्धा दोन-चार वेळा उघडली असेल तेवढीच. कागद आहेत, खोकं आहे. काकूंना धीर आला. त्या म्हणाल्या, "मी यावर नाव घालून घेणार होते. भांड्यांवर घालतो ना आपण, तसं. यांना गावाकडून सप्रेम भेट, आणि खाली तारीख." मी ते इंग्रजीत सांगितलं. डेंटिस्टनं भिंग खाली ठेवून डोळे मिटले, आणि नाव घातलं नाही हे ऐकल्यावर मगच उघडले.

मग तो दस्त्याच्या टोकाकडे आला. खांद्याला टेकतो त्या टोकाला चंद्रकोरीसारखी वळलेली सोनेरी पट्टी होती, दोन स्क्रूंनी बसवलेली. तिथं तो थांबला. दिवा जवळ ओढला. मी पण वाकले. एका स्क्रूच्या खाचेची कड केसाएवढी चेपलेली होती. मला ती त्याच्याआधी दिसली असती तर फार आनंद झाला असता, पण तसं झालं नाही.

"हिला कुणीतरी हात लावलाय," तो म्हणाला.

काका उठून उभे राहिले. "शक्य नाही. माझ्याकडे आली तेव्हापासून..."

"तुमच्याकडे येण्याआधी, डॉक्टर." त्यानं काकांची परवानगी घेऊन दोन्ही स्क्रू काढले. पट्टी अलगद हातात आली. आत लाकडाचं कापलेलं टोक होतं. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मग मला म्हणाला, "बोट फिरव." मी बोट फिरवलं. ते टोक पट्टीआड झाकलं जाणारं, कुणाला कधी दिसणार नाही असं. आणि तरी ते घासून, तेल पाजून, परत घासून इतकं गुळगुळीत केलेलं होतं की बोट कुठं अडतच नव्हतं. कारखाना ते टोक तसंच खरबरीत सोडतो, डेंटिस्ट म्हणाला. त्यानं टेप काढून चापापासून टोकापर्यंत मोजलं, मग आतून स्वतःची तसलीच रायफल आणली आणि तीही मोजली. काकांचा दस्ता जवळजवळ इंचभर आखूड होता.

"कुणीतरी दस्ता कापलाय," तो म्हणाला. "वळलेली पट्टी परत बसवायची म्हणजे लाकूड त्याच वळणानं कोरावं लागतं. मी चाळीस वर्षं हे बघतोय, आणि स्क्रू दिसला नसता तर मी फसलो असतो. असं काम करणाऱ्याला मी सलाम करतो. पण संग्राहकाला विचाराल तर त्यानं ही रायफल मारून टाकली. तशाही या हजारोंनी निघाल्या, आणि सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे दुर्मीळ काही उरलंच नाही. आता तर हिला कुणी हात लावणार नाही. आकडा सांगू?"

"नको," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "म्हणजे ती आधी कुणाची तरी होती. वापरलेली. कुणा पोराची असेल, म्हणून आखूड."

"झाडलेली नाही म्हटलं ना. नवी रायफल घेतली, कापली आणि तशीच तुम्हाला दिली." डेंटिस्टनं काकांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. काका उंचीला जेमतेम सव्वापाच फूट. "डॉक्टर, आधी माझी खांद्याला लावा."

काकांनी आयुष्यात कधी बंदूक खांद्याला लावली नव्हती. डेंटिस्टनं त्यांचे हात धरून शिकवलं. त्याची रायफल काकांना लांब होत होती. चापापर्यंत बोट जायला कोपर ताणावं लागत होतं, मान पुढं निघत होती, डोळा नेम धरायच्या खाचेवर येतच नव्हता. मग त्यानं पट्टी परत बसवून काकांची रायफल त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "आता डोळे मिटून लावा, आणि मग उघडा."

काकांनी डोळे मिटले. रायफल वर आली, दस्ता खांद्याच्या खळग्यात बसला, गाल लाकडाला टेकला, बोट चापाशी पोचलं. त्यांनी डोळे उघडले आणि ते तसेच उभे राहिले. काही न करता त्यांचा डोळा बरोबर खाचेवर होता, खाच नळीच्या टोकावरच्या मण्यावर, आणि मणी भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मी त्यांना शर्टात, कोटात, पिवळ्या सोवळ्यात पाहिलं होतं. काहीही त्यांच्या अंगावर इतकं नेमकं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.  डेंटिस्टनं टेप गुंडाळून खिशात टाकली.

"तुमच्या मापाची आहे," तो म्हणाला. "पण माप घेतल्याशिवाय हे जमत नाही. पूर्वीचे लोक दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवून बोट चापापर्यंत येतं का ते बघत. तुमचं माप कुणी घेतलं होतं?"

काकांनी रायफल टेबलावर ठेवली आणि ते खुर्चीत बसले. "सुतार," ते म्हणाले. खाणीत लाकडाचे टेकू लावणारा सुतार होता, छताखाली अडकलेल्यांतला एक. बरा झाल्यावर तो कोपर दुखतंय म्हणून दवाखान्यात आला. काकांना कोपरात काही सापडेना. तर तो म्हणाला, डॉक, तुझ्या हातावर दाखव बरं कुठं काय असतं ते. काकांनी हात दुमडून दाखवला. त्यानं खिशातली टेप काढून कोपरापासून बोटापर्यंत लावली, मान हलवली आणि तो निघून गेला. "मला वाटलं, विक्षिप्त आहे. खाणीतली माणसं असतात तशी." काका नकळत मराठीत बोलायला लागले होते आणि मी भाषांतर करत होते.

काकू मात्र डोळे पुसून काकांकडे रोखून बघत होत्या. "म्हणजे त्यांनी ती वापरायला दिली होती," त्या म्हणाल्या. "पाटावर ठेवायला नाही."

काका साडीची घडी घालायला लागले.

"आणि तुम्ही हॉलमध्ये भाषण काय केलं होतं?"

ते भाषण आम्हा सगळ्यांना पाठ होतं, कारण काका ते दर दसऱ्याला अभिमानानं सांगत. सगळ्या गावापुढं रायफल हातात घेऊन त्यांनी म्हटलं होतं: ही इतकी सुंदर वस्तू आहे की मी ती कधीही वापरणार नाही, माझ्या घरात ती नुसती जपली जाईल. आपल्याकडे वस्तूला याच्याहून मोठा मान कुणी देत नाही, असा त्यांचा हिशेब. हॉलमध्ये क्षणभर शांतता झाली, मग टाळ्या. ती शांतता म्हणजे भारावणं, असं काका सांगत आले होते. आता ते खाली बघत होते, आणि शांततेचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला होता. मी त्यांना घरी सोडलं. उतरताना काका फक्त म्हणाले, "तो सुतार अजून त्या गावातच राहतो. उद्या नेशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगरात शिरलो. वाळवंटातले उंच निवडुंग मागं पडले, मग खुरटी झाडं, मग खाणीनं खरवडून ठेवलेला अख्खाच्या अख्खा डोंगर समोर आला. तो बघून मी गाडी हळू केली. पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेला लाल-हिरवट खड्डा, एवढा मोठा की तळाशी पडलेलं यंत्र खेळण्यातलं वाटत होतं. माणसांनी हे खणलं आणि मग सोडून दिलं. गावात निम्म्या घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. काका वाट दाखवत होते. या घरात जुळं झालं, या घरात पाय वाचवला, या घरातला वाचला नाही.

सुतार पोर्चवर बसला होता. म्हातारा झालेला, हाडं वर आलेली, श्वास घेताना खांदे उचलणारा. पायाशी एक लाल कुत्रा. काकांना ओळखून तो उठायला लागला, तर काकांनी हात दाबून त्याला बसवलं आणि आधी त्याची नाडी बघितली. मग काकूंच्या हातातलं खोकं घेऊन त्यांनी ते पोर्चच्या जमिनीवर उघडलं.

"दस्ता तू कापलास," काका म्हणाले.

"मग काय," म्हातारा म्हणाला. "कारखान्यातून आली ती काय तुझ्या हातांसाठी बनवलेली होती? आमची सगळी वर्गणी त्या सोन्यात गेली, आणि बायका म्हणाल्या, कापू नकोस, वाया जाईल. मी म्हटलं, न कापता दिली तर वाया जाईल."

"मला काल कळलं."

"काल?" म्हाताऱ्यानं काकांकडे बघितलं, मग काकूंकडे, मग माझ्याकडे. त्याला हसू आलं आणि हसण्याबरोबर खोकला. तो थांबेपर्यंत काका त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "आम्हाला वाटलं, डॉकला आमच्यात यायचं नाही. तू सरळ सांगितलंस ना, वापरणार नाही म्हणून. दोन हिवाळे हरणांच्या सीझनला माझ्या ट्रकमध्ये पुढची जागा रिकामी ठेवून तुझ्या घरावरून गेलो. हळू चालवत. तिसऱ्या वर्षापासून तिथं कुत्रा बसायला लागला."

"एकदा दार वाजवायचं होतंस," काका म्हणाले.  "मला हरीण मारता आलं नसतं, हे खरं. पण मी आलो असतो."

"हरीण?" म्हातारा म्हणाला. "आमच्यातले निम्मे कॉफी प्यायला आणि बायकांपासून लांब बसायला यायचे. तुला कोण हरीण मारायला सांगत होतं?"

"मग एवढं माप घेऊन कापलीस कशाला?"

म्हाताऱ्याला या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. त्यानं दम घेतला. "दुसऱ्याची बंदूक मागून घेऊन येतो तो पाहुणा, डॉक. आपल्या मापाची घेऊन येतो तो आपल्यातला. इथं जन्मलेल्या प्रत्येक पोराचा दस्ता मीच कापायचो."

काकू वळून पोर्चच्या खांबाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी रायफलकडे बघत राहिले. मला चकतीवरचा धुळीचा कणही दिसायचा, डेंटिस्टला स्क्रूवरची केसाएवढी कड दिसली होती. पण जी गोष्ट काका सोळा वर्षं शोधत होते, ती त्यांच्याच कपाटात, साडीच्या घडीत, त्यांच्या हाताच्या लांबीची होऊन पडून होती. त्यांनी ती एकदाही खांद्याला लावून बघितली नव्हती. मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं.

काका पायरीवर, म्हाताऱ्याच्या शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "आता कोण कोण जातं?"

"कोण उरलंय? मी आणि हा." त्यानं पायानं कुत्र्याला डिवचलं. "चढ चढवत नाही. ट्रक रस्त्याच्या कडेला लावतो आणि बसतो. शुक्रवारी सुरू होतोय सीझन."

"किती वाजता निघतोस?"

"उजाडायच्या आत."

काकांनी रायफल खोक्यातून उचलली. साडी खोक्यातच राहू दिली. पट्टी नीट बसली आहे ना, हे त्यांनी अंगठ्यानं चाचपून पाहिलं आणि ती गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"कुत्र्याला मागं बसावं लागेल," ते म्हणाले.